काळी मोरपिसं

सकाळची वंदना आटोपून संघप्रियाने कपाटातली पुडी काढली, रबर सोडलं, वर्तमानपत्राचा कागद उलगडला आणि ती पलंगावर बसूनच राहिली. लेकीच्या साक्षगंधात भद्रावतीकर व्याह्यांनी हर्षाच्या कानात घातलेली चांदीची मोरपिसं काळी झाली होती.

साक्षगंधापासून ती संघप्रियाच्याच ताब्यात होती. हर्षा तेव्हा म्हणाली होती, मी गडचिरोलीला घेऊन जाते, रोज घालते. संघप्रियाने ऐकलं नव्हतं. पोरगी वनरक्षक, दिवसभर मोटारसायकलवर जंगलात. सासरचा पहिला दागिना कुठल्या फांदीला लटकून राहिला तर विहीणबाईंना काय सांगायचं? म्हणून तिने ती कागदात गुंडाळून, वर दोन रबरं लावून, साड्यांच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवली होती. यापेक्षा जास्त सांभाळणं तिला माहीत नव्हतं.

आज दुपारी भद्रावतीहून तिघं राजुऱ्याला येणार होते, लग्नाची तारीख धरायला. हर्षा पहाटेच एस.टी.त बसली होती. कोंबडीच्या रश्श्याचा मसाला वाटून तयार होता. आणि विहीणबाई आल्या आल्या पोरीच्या कानाकडे बघणार, हे संघप्रियाला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या जागी ती असती तर तिने तेच केलं असतं.

तिने साक्षगंधाचा अल्बम काढून पाहिला. फोटोत मोरपिसं लख्ख पांढरी होती. पण त्या फोटोग्राफरने सगळ्यांनाच पांढरं करून ठेवलं होतं. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला तिचा नवरा राजदीप त्या फोटोंत दुधाच्या डेअरीचा मालक वाटत होता. संघप्रियाच्या हे त्या वेळी ध्यानात आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की देताना पांढरी होती आणि आता काळी आहेत.

तिने आधी सासूला दाखवलं. बायनाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिने एक मोरपीस डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, आणि निकाल दिला की हे गिलट आहे. साक्षगंधाच्या दिवशीच तिला शंका आली होती, असं ती म्हणाली. बाकी लोक सोन्याचे टॉप घालतात, यांनी चांदी घातली, आणि तीही अशी. संघप्रियाला क्षणभर बरं वाटलं, कारण गिलट असेल तर चूक तिची नव्हती. पण ते टिकलं नाही. गिलट असेल तर मग हे लोक कसे? पोरगी कोणाच्या घरात चालली आहे?

हर्षाच्या कानांचा प्रश्नही होताच. शाळेत असताना जत्रेतलं कानातलं घालून तिचे दोन्ही कान पिकले होते. तेव्हापासून खोटा धातू तिला चालत नव्हता. भद्रावतीकरांना हे सांगितलं होतं, आणि त्यांनी मान हलवली होती.

शेवटी संघप्रियाने दिराला हाक मारली. अंगणातल्या भिंतीची भानगड झाल्यापासून ती आणि कुलदीप एकमेकांशी कामापुरतंच बोलत. कुलदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. वहिनीने स्वतःहून बोलावलं म्हटल्यावर तो कपाळाला लावायचं भिंग घेऊनच आत आला.

त्याने एका फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून मोरपिसाला लावलं. चिकटलं नाही. मग भिंगातून आकडीच्या मागचा बारीक शिक्का वाचला. नऊशे पंचवीस.

"म्हणजे काय?" बायनाबाईने विचारलं.

"हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी, बाकी तांबं. निव्वळ चांदी लय नरम राह्यते माय. तिचं कानातलं केलं तर वाकून जाईल. म्हणून तांबं टाकाच लागते. हे असली आहे."

"म्हणजे पंच्याहत्तरची खोट आहे," बायनाबाई म्हणाली. "मी तेच म्हणून राह्यली."

कुलदीपने आणखी दोनदा समजावून पाहिलं. पंच्याहत्तरवर बायनाबाईचं बोट टेकलं होतं ते हलेना. मग तो काळेपणाकडे वळला. चांदीला गंधक लागला की ती काळी पडते, त्याने सांगितलं. इथल्या हवेत कोळसा आहेच. शिवाय छापील कागदात थोडा असतो आणि रबरात तर भरपूर. रबर कोणी लावलं, असं त्याने सहज विचारलं. संघप्रिया चुलीवरचं पाणी उतरवायला गेली, खरं तर पाणी अजून ठेवलेलंच नव्हतं.

चांदी खरी आहे म्हटल्यावर दोष घराचा झाला, आणि दोष घराचा म्हटल्यावर तिघं एक झाली. पाहुणे यायच्या आत मोरपिसं पांढरी करायची. कशी, यावर मात्र एकी टिकली नाही. बायनाबाईचं म्हणणं, चिंच आणि राख. कुलदीपने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. पोळ्या गुंडाळायची चंदेरी पन्नी भांड्यात अंथरायची, वर खाण्याचा सोडा आणि मीठ, कढत पाणी, आणि दागिना त्यात सोडायचा. घासायचं कामच नाही. बायनाबाईने व्हिडिओतल्या बाईची नखं बघितली आणि सांगितलं की हिने आयुष्यात भांडं घासलेलं नाही.

संघप्रियाने मध्यममार्ग काढला. मोरपिसं दोन होती. एक सासूला दिलं, एक दिराला.

राजदीप बाहेर अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या धुत होता. त्याला पन्नी आणि सोडा आणायला पाठवलं. कशाला, ते त्याने विचारलं नाही. या घरात विचारलं की दुसरं काम सांगतात, हे तो फार पूर्वी शिकला होता.

दोन्ही उपाय लागू पडले. कुलदीपच्या भांड्यात बुडबुडे आले, घाण वास सुटला आणि मोरपीस पांढरं होऊन निघालं. बायनाबाईचं घासून घासून तसंच निघालं. पण नक्षीच्या खाचांत अजून काळी रेघ दिसत होती, दोन्हींच्या. ती संघप्रियाला सहन होईना. तिने राजदीपच्या दाढीच्या सामानातला जुना टूथब्रश घेतला, त्यावर दात घासायची पेस्ट घेतली, आणि एकेक खाच कोरून काढली. धुऊन तिने मोरपिसं उन्हात धरली. ती इतकी चमकत होती की बायनाबाईने डोळे किलकिले केले. तिघांनी चहा घेतला. कुलदीपच्या कपात संघप्रियाने न विचारता जास्तीची साखर टाकली. भिंतीच्या भानगडीनंतर असा चहा या घरात झाला नव्हता.

एवढ्यात हर्षा आली.

*

हर्षाने पाठीवरची पिशवी खाली ठेवली, आजीच्या पाया पडली, आणि आईने पुढे केलेल्या वाटीत बघितलं. तिला वाटलं, आईने काहीतरी दुसरं आणून ठेवलं आहे. लहान चमच्यासारखं काहीतरी. मग तिने आकडी ओळखली.

"आई," ती म्हणाली, "ह्याचे डोळे कुठी गेले?"

संघप्रियाला कळेना. हर्षाने मोरपीस तळहातावर घेऊन दाखवलं. इथे मधोमध डोळा होता, सभोवती पिसाच्या बारीक रेघा होत्या. त्या रेघा काळ्या होत्या म्हणून पीस दिसत होतं. आता नुसतं पान होतं, तेही कुठलं ते सांगता येत नव्हतं.

"ते काळंच होतं. त्याले ऑक्सिडाइज म्हणतात. घडवणारे मुद्दाम काळं करतात, मंग वरचं तेवढं पुसतात, का नक्षी उठून दिसते. मीच त्याहिले सांगितलं होतं, असं पाहिजे म्हणून."

"मुद्दाम काळं कोण करते?" बायनाबाई म्हणाली.

हर्षा पायरीवर बसली आणि तिने बूट काढायला घेतले. बूट काढताना ती रडते आहे की हसते आहे हे मागून कळत नव्हतं. ती दोन्ही करत होती. जंगलात तिने अस्वल पाहिलं होतं, लाकूडचोर पाहिले होते, पण आई, आजी आणि काका एका मताने एखादं काम करताना तिने पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि त्याचा हा निकाल होता.

एकमत लगेच मोडलं. कुलदीपने सांगितलं की पन्नीने वरवरचं जातं, खाचांतलं वहिनींच्या पेस्टने गेलं. बायनाबाईने सांगितलं की व्हिडिओ कोणाचा होता ते सगळ्यांनी पाहिलं. संघप्रियाने दोघांना सांगितलं की मी तर विचारायला आले होते. एवढ्यात हर्षाचा फोन वाजला. होणाऱ्या नवऱ्याचा, प्रणितचा निरोप होता. चंद्रपूर ओलांडलं.

कुलदीप पुढच्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात दुसरा व्हिडिओ होता. चांदी काळी करायची असेल तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कुस्करायचा, हवाबंद डब्यात टाकायचा, आणि दागिना त्या डब्यात ठेवायचा. अंड्यात गंधक असतो. आपोआप काळं होतं.

मग संघप्रिया दारात गेली आणि तिने राजदीपला अंडी आणायला सांगितलं. किती, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, ट्रेच आणा.

*

गाडीत प्रणितची आई मंजुषा खिडकीबाहेर बघत होती. तिचे यजमान भैयाजी गाडी चालवता चालवता प्रणितला रस्त्याकडेच्या कोळशाच्या ट्रकांबद्दल काही सांगत होते. ते फॅक्टरीतून निवृत्त झाले होते आणि आता त्यांना प्रत्येक वाहनाबद्दल मत होतं.

मंजुषाच्या डोक्यात मोरपिसं होती. ती निवडायला तिने चंद्रपूरच्या सराफ्यात अख्खी दुपार घालवली होती. आधी तिने प्रणितला विचारलं, हर्षाच्या कानाची भोकं कशी आहेत, लहान का ओघळलेली. त्याला माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत तो हर्षाच्या कानाकडे इतका वेळ बघत राहिला की तिने किडा बसला असेल म्हणून कान झटकला. शेवटी मंजुषाने सरळ हर्षालाच फोन केला. हर्षाने सांगितलं, सोनं नको, जंगलात भीती वाटते. जड नको, हेल्मेटमध्ये टोचतं. खोटं चालत नाही. चमकणारं नको. जुन्या वाणाचं, काळसर असेल तर आवडेल.

दुकानदाराने आधी सगळं चमचमतंच पुढे टाकलं. मंजुषाने एकेक बाजूला सारलं. मोरपिसं दिसली तेव्हा तिने शिक्का पाहिला, आकडी हाताच्या मागच्या कातडीवरून ओढून कुठे खरखरते का ते पाहिलं, मग स्वतःच्या कानात घालून दुकानातच मान जोरजोरात हलवली. दुकानदार म्हणाला, बाई, आरसा तिकडे आहे. ती म्हणाली, मले आरसा नाही पाहिजे, हेल्मेट आहे का?

साक्षगंधाच्या दिवशी तिची नणंद गुणाबाई हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाली होती, की सुनेच्या कानात चांदी, आमच्यात तर नाही बाबा. तेव्हापासून मंजुषाच्या मनात ते होतं. राजुऱ्याच्या लोकांना ते कमीपणाचं वाटलं असेल का? हर्षाने नंतर पाठवलेल्या एकाही फोटोत मोरपिसं नव्हती. तिने विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं. पण आज ती बघणार होती.

*

गाडी दारात थांबली तेव्हा डबा बंद होऊन अर्धा तासही झाला नव्हता. जय भीम झाले, पाणी झालं. भैयाजींनी दारातून आत येतानाच हवेचा वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांना अंडाकरी फार आवडत असे आणि घरी मंजुषा कोलेस्टेरॉलमुळे करत नसे. कोपऱ्यात अंड्यांचा अर्धा रिकामा झालेला ट्रे दिसल्यावर तर ते खुर्चीत अगदी सैल होऊन बसले.

बोलणी सुरू झाली. विहाराचा हॉल कधी मोकळा आहे, भंतेजींना कुठून आणायचं. राजदीपने एक तारीख सांगितली. कुलदीप अधूनमधून आत जाऊन डब्याला कान लावून येत होता. डब्यातून कसलाही आवाज येणार नव्हता हे त्यालाही माहीत होतं. बायनाबाईने मधेच पाहुण्यांना विचारलं की पंच्याहत्तर म्हणजे किती होतात. भैयाजींनी पंच्याहत्तरच सांगितलं.

हर्षा चहा घेऊन आली. मंजुषाने कप घेतला आणि वर पाहिलं. कान मोकळे होते.

संघप्रियाने तिची नजर पाहिली. कान मोकळे असण्यापेक्षा काहीही बरं, असं वाटून ती आत गेली, डबा उघडला, मोरपिसं पिवळ्या लगद्यातून काढली, नळाखाली धरली, साडीच्या पदराला पुसली आणि हर्षाला आत बोलावून तिच्या कानात घातली. स्वयंपाकघरात उजेड कमी होता. हर्षा बाहेर उजेडात आली तेव्हा संघप्रियाला दिसलं की ती काळी झालेली नाहीत.

सोनेरी झाली आहेत.

कुलदीपला नंतर कळलं, की चांदी अंड्याच्या वाफेत आधी सोनेरी होते, मग तांबूस, मग निळसर, आणि शेवटी काळी. व्हिडिओत ते शेवटी सांगितलं होतं. तेवढा शेवट त्याने पाहिला नव्हता.

भैयाजी खूश झाले. ते म्हणाले, लय सुंदर दिसून राह्यलं, चांदीचं सोनं केलं तुमी. मंजुषाने कप खाली ठेवला. तिला गुणाबाईचा आवाज ऐकू आला. इतके दिवस पोरीने घातली नाहीत, आणि आज घातली ती वर सोन्याचं पाणी चढवून.

"ताई," ती संघप्रियाला म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, "आमची चांदी कमी पडली का तुमाले? तसं असन तर सांगा. तारीख आज नाई धरली तरी चालते."

राजदीप तारखेवर बोट ठेवून बसला होता, ते बोट तसंच राहिलं. संघप्रियाला बोलायचं होतं. पण खरं सांगितलं तर आपला निष्काळजीपणा उघडा पडतो, आणि नाही सांगितलं तर गर्व दिसतो. दोन्हींतलं कमी वाईट कोणतं ते तिला ठरवता येईना. प्रणित हर्षाकडे बघत होता. हर्षा बोलायला तोंड उघडणार, तोच बायनाबाई बोलली. सकाळी याच दागिन्याला तिने गिलट म्हटलं होतं. पण सुनेला परक्या माणसाने बोलावं हे तिला खपण्यासारखं नव्हतं. सुनेला बोलणं हे तिचं काम होतं.

"सोनं नाई बाई ते," ती म्हणाली. "अंडं आहे."

मग हर्षाने सगळं सांगितलं. कागद, रबर, डांबराच्या गोळ्या. चिंच, राख, पन्नी, पेस्ट. गंधकावरचं कुलदीपचं भाषण. तिने कोणाला वाचवलं नाही, आणि कोणाला जास्त लावलंही नाही. सगळ्यांना सारखं वाटून दिलं. शेवटी म्हणाली, "मी नेली नाई, कारण आईनं नेऊ दिली नाई. मले पहिल्या दिवसापासून घालायची होती."

मंजुषा उठली. ती हर्षाजवळ गेली, तिच्या डाव्या कानातलं मोरपीस सोडवून घेतलं, आणि नाकाशी धरलं. मग भैयाजींच्या हातात दिलं. भैयाजींनीही वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे अंडाकरी नाई?" त्यांनी विचारलं.

मंजुषा आधी हसली, मग तिला बसावं लागलं. तिला बघून संघप्रिया हसली, पण तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं, आणि पदर डोळ्यांना लावल्यावर पदराला अंड्याचा वास आला म्हणून ती आणखी हसली. राजदीपला आत्ता कुठे कळलं की तो सकाळपासून दुकानाच्या खेपा कशासाठी घालत होता. पन्नी कशाला हे त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याने मान्य केलं. पण पुढच्या वेळीही तो विचारणार नव्हता.

मंजुषाने डबा मागवला. झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, एवढ्या कमी वेळात काय होणार, नवीन बलक टाका, गरम गरम. मोरपिसं पुन्हा आत गेली. कुलदीपने झाकण लावून वर वजन म्हणून पाटा ठेवला. तेवढ्यात बायनाबाईने अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्या भागांचा प्रश्न सोडवला. तिखट, मीठ आणि कांदा घालून मोठ्या कढईत परतले आणि रश्श्याबरोबर वाढले. भैयाजींनी तीन वेळा घेतले. बिनबलकाच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं, हे त्यांनी मंजुषाला ताट दाखवून सांगितलं.

जेवणं होईपर्यंत तारीख ठरली. विहाराचा हॉल त्या दिवशी मोकळा होता, आणि त्या दिवशी मोकळा नसलेला एकमेव माणूस राजदीप होता, खाणीत त्याची पाळी होती. ती बदलून घ्यायचं ठरलं.

मग सगळे डब्याभोवती जमले. झाकण काढलं तेव्हा प्रणित दोन पावलं मागे गेला. मोरपिसं तव्यासारखी काळीकुट्ट झाली होती. डोळाही काळा, पानही काळं. बायनाबाईने विचारलं, आता तरी बरोबर आहे का? मंजुषा म्हणाली, अर्धं बरोबर आहे. ती धुऊन, कोरडी करून घेतली की वरचा भाग मऊ सुती कपड्याने हळू पुसायचा, खाचांना हात लावायचा नाही.

मऊ सुती कपडा म्हणून राजदीपचं जुनं बनियन फाडलं. एक मोरपीस मंजुषाने घेतलं, एक संघप्रियाने. दोघी ओसरीवर शेजारी शेजारी बसल्या. पुसता पुसता मंजुषा सांगत होती, रोज घालत राहिलं की चांदी चांगली राहते, ठेवून दिली तरच बिघडते. ठेवायचीच झाली तर छोट्या बंद पिशवीत, कागद नाही, रबर नाही. अंघोळीच्या वेळी काढायची. अत्तर मारून झाल्यावर घालायची, आधी नाही. संघप्रिया ऐकत होती आणि पुसत होती. डोळा वर येऊ लागला तेव्हा तिने तो बोटाने दाखवला.

"हे असं होतं?"

"असंच."

फक्त मंजुषाला काळं जरा जास्त आवडत असे, म्हणून ती लवकर थांबली. संघप्रियाला पांढऱ्याचा मोह पूर्ण सुटला नव्हता, म्हणून ती थोडी उशिरा थांबली. दोन्ही शेजारी धरली तेव्हा एक सांजेच्या वेळचं वाटत होतं आणि एक सकाळचं. मंजुषा म्हणाली, तुमचं थोडं परत काळं करा. संघप्रिया म्हणाली, तुमचं थोडं अजून पुसा. दोघींनी आपापलं मोरपीस मुठीत धरलं. कुलदीप म्हणाला, अंडी अजून आहेत. त्याला दोघींनी एकाच वेळी दुकानात जायला सांगितलं.

प्रणितला विचारलं तेव्हा त्याने दोन्ही नीट पाहिली आणि सांगितलं की एका वेळी एकच कान दिसतो. बायनाबाईने त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. आणि हर्षाने त्या दोघींच्या मुठी उघडून दोन्ही मोरपिसं काढून घेतली, कानात घातली आणि आता ही कोणाच्याही हातात परत जाणार नाहीत असं सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी हर्षा ड्युटीवर हजर झाली. जंगलातल्या तिच्या गस्तीच्या बीटशेजारच्या बीटवर बुधरी वनरक्षक होती, आणि दोघी एकाच गाडीवर फिरतीला निघत. बुधरीने हेल्मेट घालता घालता हर्षाच्या एका कानाकडे पाहिलं, मग फिरून दुसऱ्या बाजूला जाऊन दुसऱ्याकडे पाहिलं.

"हे दोन अलग अलग काऊन आहेत?"

"हे आईचं," हर्षा म्हणाली, आणि दुसऱ्या कानाला हात लावला. "आन हे आईचं."

बुधरीने मान हलवली. तिने गाडीला किक मारली, हर्षा मागे बसली. थोडं पुढे गेल्यावर वाऱ्याबरोबर काहीतरी पुढे आलं असावं, कारण बुधरीने गाडी हळू केली आणि मान अर्धी वळवली.

"आन वास?"

"तो काकाचा," हर्षा म्हणाली.